छातीतल्या नळीची बाटली उलटी जोडली गेली – बाबांचा अनुभव, आणि नातेवाइकांनी काय बघावं?

यंत्रमागवाला | सोमवार, रात्री १०.४०

हे लिहायला तीन आठवडे लागले. बाबा आता घरी आहेत, दोन वेळा जेवतात, जिना चढताना मध्ये थांबतात पण चढतात. त्यामुळं आता लिहायला बसलोय.

बाबा ६१ वर्षांचे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर आयुष्य गेलं. २००९ मध्ये टीबी झाला होता. गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला, पण उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला डाग राहिले. बिडी मात्र सुटली नाही. मार्चमध्ये एका दुपारी घागर उचलताना उजव्या बरगडीत एकदम कळ आली. वायू धरला असेल म्हणून आईनं ओवा दिला. संध्याकाळपर्यंत बाबांना एक वाक्य सलग बोलता येईना. रिक्षानं दवाखान्यात नेलं, एक्स-रे झाला. डॉक्टर म्हणाले फुफ्फुस फुटून हवा बाहेर आलीय, छातीत हवा साठून फुफ्फुस खाली बसलंय. अर्ध्या तासात बगलेखाली भूल देऊन नळी घातली. आयसीडी म्हणतात तिला. नळीचं दुसरं टोक पलंगाखालच्या बाटलीत. बाटलीत पाणी. बाबांनी श्वास सोडला की पाण्यातून भसाभसा बुडबुडे. दहा मिनिटांत चेहऱ्यावर रंग आला. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही, हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना बोल लावू नये.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फरशी पुसताना बाटलीला धक्का लागून ती आडवी झाली. झाकणाला तडा गेला. पावणेआठ वाजलेले, म्हणजे ड्यूटी बदलायची वेळ. नवीन बाटली आली ती वेगळ्या कंपनीची. आधीच्या बाटलीला नळी कंपनीतूनच जोडून आलेली होती. हिच्या झाकणावर दोन तोंडं, दोन्ही दिसायला अगदी सारखी. एका तोंडाला आत लांब कांडी, ती पाण्यात बुडते. दुसऱ्या तोंडाला आत काहीच नाही, ती नुसती हवा जायची वाट. नळी कुठल्या तोंडाला बसवायची हे झाकणावर लिहिलेलं होतं, पण पांढऱ्या प्लास्टिकवर उठवलेली पांढरी अक्षरं. वॉर्डातल्या पिवळ्या दिव्यात ती कुणाला दिसणार?

नळी चुकीच्या तोंडाला बसली.

मला त्यातलं काही कळत नव्हतं. बाटलीत बुडबुडे येत होते, म्हणून मी निर्धास्त. पुण्यातल्या भावाला दाखवायला मोबाईलवर व्हिडिओ काढला, घरच्या ग्रुपवर टाकला. वीस मिनिटांनी बाबा उठून बसायचा प्रयत्न करायला लागले. "खिडकी उघड" म्हणाले. खिडकी उघडीच होती. बोटावरच्या यंत्रात ९४ चे ९०, मग ८७. नाडी १३०. सिस्टरनी ऑक्सिजन वाढवला, डॉक्टरांना फोन लावला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. चुलतभावाची बायको, आमच्या वहिनी, लातूरला स्टाफ नर्स आहेत. त्यांनी व्हिडिओ बघितला होता. "भाऊजी, बाबा श्वास आत घेताना बुडबुडे येतायत. सोडताना यायला पाहिजेत. फोन सिस्टरच्या हातात द्या. आत्ता."

सिस्टरनी फोन कानाला लावला, खाली वाकून बाटली बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. आरएमओ, म्हणजे ड्यूटीवरचे निवासी डॉक्टर, धावत आले, नळी दुसऱ्या तोंडाला बसवली. पाण्यात बुडबुड्यांची जी झुंबड उडाली ती मिनिटभर थांबली नाही. रात्री एक्स-रे काढला. तीन दिवसांत उघडलेलं फुफ्फुस परत बसलं होतं. तीन-चार दिवसांत निघणारी नळी अकराव्या दिवशी निघाली.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. नेमकं काय झालं ते कुणी समजावून सांगेल का? आणि पेशंटजवळ बसणाऱ्या माणसानं काय बघावं? आपल्याकडं वॉर्डात रात्रभर जागा असतो तो नातेवाईकच. त्याला हे कुणीच सांगत नाही.

कन्ना_चौक | सोमवार, रात्री ११.०५

वाचून अंगावर काटा आला. दवाखान्याचं नाव टाका राव. लोकांना कळू दे.

यंत्रमागवाला | सोमवार, रात्री ११.१८

नाव टाकणार नाही. त्या सिस्टर त्या रात्री एकट्या बावीस पेशंट बघत होत्या. चूक झाली हे त्यांनी लपवलं नाही, केस पेपरवर वेळेसकट लिहिलं. नाव टाकलं तर उद्या त्याच सिस्टरला घरी बसवतील आणि तीच बाटली पुढच्या वॉर्डात जाईल. मला बाटलीबद्दल बोलायचंय.

वॉर्ड_सिस्टर | मंगळवार, सकाळी ६.५०

रात्रपाळी संपवून आले आणि हे वाचलं. अठरा वर्षं सर्जरी वॉर्ड आणि आयसीयूत काढलीत, आयसीडीचे पेशंट किती बघितले त्याची मोजदाद नाही. दादा, तुम्ही विचारलंत ते प्रत्येक नातेवाइकानं विचारायला पाहिजे.

आम्ही दर वेळी पेशंटजवळ गेलो की आधी कांडीतलं पाणी बघतो. त्याला "कॉलम" म्हणतात. पेशंट स्वतःच्या श्वासावर असेल तर श्वास घेताना कांडीतलं पाणी वर चढतं, सोडताना खाली येतं. कॉलम हलतोय म्हणजे नळी मोकळी आहे. हलायचा एकदम थांबला तर दोनच शक्यता: फुफ्फुस पूर्ण उघडलंय, नाहीतर नळी कुठंतरी दबलीय किंवा तुंबलीय. आणि नव्वद टक्के लोक पहिलीच शक्यता धरून खूश होतात. आधी पांघरूण बाजूला करून बघा. पेशंट स्वतःच नळीवर झोपलेला असतो. पलंगाच्या कठड्यात अडकलेली असते.

मग बुडबुडे. हवा निघत असेल तर श्वास सोडताना आणि खोकताना येतात. तुमच्या वहिनींनी तेच ओळखलं. मोबाईलवरच्या व्हिडिओत हे ओळखणं सोपं नाही, त्यांना माझा नमस्कार सांगा.

आणि बाटली कायम छातीच्या खाली. जमिनीजवळ, स्टँडला किंवा पलंगाला बांधलेली. स्ट्रेचरवर पेशंटच्या पायांमध्ये बाटली ठेवलेली मी रोज बघते. रोज वॉर्डबॉयवर ओरडते. "मामा, बाटली का वर धरलाव?" हे माझं वॉर्डातलं ठरलेलं वाक्य झालंय. वर धरली की बाटलीतलं पाणी, रक्त, पू सगळं परत छातीत जाऊ शकतं.

छातीचा_डॉक्टर | मंगळवार, दुपारी २.१५

ओपीडी संपवून लिहितोय. यंत्रमागवाला, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये एक अगदी अरुंद पोकळी असते. तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी असतो, शांत बसलेल्या माणसात साधारण ५ सेंटिमीटर पाण्याइतका. या ओढीमुळंच फुफ्फुस फुगलेलं राहतं. फुफ्फुसाला भोक पडून तिथं हवा शिरली की ती ओढ जाते आणि फुफ्फुस रबरासारखं आकसतं. तुमच्या बाबांचं टीबीनं आणि बिडीनं विरलेलं फुफ्फुस होतं, त्यात पातळ भिंतीचे फुगे तयार होतात आणि ते फुटतात. आपल्या भागात असे पेशंट भरपूर.

पाण्याची बाटली ही एका दिशेची झडप आहे, बाकी काही नाही. जर्मनीत गोटहार्ड ब्यूलाऊ नावाच्या डॉक्टरांनी १८९१ मध्ये ही पद्धत मांडली आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. छातीतली हवा कांडीतून खाली जाते, फक्त २ सेंटिमीटर पाणी ढकलते आणि बुडबुडा होऊन निघून जाते. बाटलीतून ती दुसऱ्या, मोकळ्या तोंडानं बाहेर पडते. उलट यायला बघितलं तर कांडीत हवेऐवजी पाणी चढतं. म्हणून हवा परत छातीत जात नाही.

आता नळी दुसऱ्या तोंडाला लावा. पेशंटची छाती थेट बाटलीतल्या हवेला जोडली गेली आणि बाहेरची हवा कांडीच्या टोकाशी. पेशंटनं श्वास घेतला की बाटलीतला दाब कमी होतो, बाहेरची हवा कांडीतून पाण्यात बुडबुडे काढत आत येते आणि तिथून छातीत. श्वास सोडला की ती हवा बाहेर पडू शकत नाही, कारण बाटलीतलं पाणीच कांडीत चढून वाट अडवतं. झडप तीच, दिशा उलटी. दर श्वासाला थोडी हवा आत, बाहेर काहीच नाही. शेवटी दाबाखाली साठलेली हवा फुफ्फुस तर दाबतेच, हृदय आणि मोठ्या शिराही एका बाजूला ढकलते. रक्तदाब कोसळतो, मानेच्या शिरा फुगतात. याला टेन्शन न्यूमोथोरॅक्स म्हणतात आणि त्यात मिनिटांचा हिशेब असतो. बाबांची गाडी त्याच दिशेनं चालली होती. वहिनींच्या फोननं वाचले, यात मला शंका नाही.

नळीवर लावायची छोटी रबरी झडप असते, हाइमलिख झडप. तीही उलटी बसल्यानं असेच अपघात झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. तिचं निळं टोक पेशंटकडं असावं लागतं.

होटगी_रोड | मंगळवार, संध्याकाळी ७.३०

आमच्या मामांना गेल्या वर्षी अपघातानंतर अशीच नळी होती. सोलापूरहून पुण्याला अँब्युलन्सनं हलवलं, अडीचशे किलोमीटर. निघताना नळीला दोन चिमटे लावून दिले, बाटली सांडू नये म्हणून. टेंभुर्णीच्या पुढं मामा तळमळायला लागले. सोबतच्या ब्रदरनं फोनवर विचारून चिमटे काढले, मग बरं वाटलं. चिमटे लावणं बरोबर होतं का? आम्ही तर समजत होतो की चिमटा लावला म्हणजे सुरक्षित.

छातीचा_डॉक्टर | मंगळवार, रात्री ९.१०

होटगी_रोड, बरोबर नव्हतं. हे ठळक सांगतो, कारण ही समजूत फार पसरलेली आहे.

बुडबुडे येत असलेल्या नळीला प्रवासात चिमटा लावायचा नाही. फुफ्फुसाचं भोक उघडं आहे, हवा दर श्वासाला छातीत येतेय, आणि तिची एकुलती एक बाहेर पडायची वाट तुम्ही बंद केली. जे उलट्या बाटलीनं होतं तेच चिमट्यानं होतं. बाटली बदलताना काही सेकंद नळी चिमटतात, नळी काढायच्या आधी कधी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली थोडा वेळ बंद करून बघतात. ते करणारा माणूस पेशंटशेजारी उभा असतो. अँब्युलन्समध्ये, सीटी स्कॅनला नेताना, लिफ्टमध्ये चिमटा नको. बाटली सांडायची भीती असेल तर ती खाली नीट बांधा, नाहीतर पिशवीवाली झडप वापरा.

ब्रिटनमध्ये २००८ साली तिथल्या नॅशनल पेशंट सेफ्टी एजन्सीनं छातीतल्या नळ्यांबद्दल सगळ्या रुग्णालयांना इशारा दिला होता. जानेवारी २००५ ते मार्च २००८ या काळात नळी घालण्याशी संबंधित १२ मृत्यू आणि १५ गंभीर इजा त्यांच्याकडं नोंदल्या गेल्या होत्या. त्या प्रामुख्यानं नळी घालतानाच्या चुका, म्हणजे जागा चुकणं, खोल जाणं, शिकाऊ डॉक्टरवर देखरेख नसणं. बाटलीच्या चुका वेगळ्या. त्या नंतर, वॉर्डात, रात्री होतात. मला विचाराल तर नळी घालण्यावर आम्हा डॉक्टरांचं जेवढं शिक्षण होतं त्याच्या दशांशही बाटलीवर होत नाही.

यंत्रसामग्री | बुधवार, सकाळी ११.२०

मी बायोमेडिकल इंजिनिअर आहे, सोलापूर आणि धाराशिवच्या काही रुग्णालयांची यंत्रं सांभाळतो. दोन भर घालतो.

पहिली म्हणजे सक्शन, यंत्रानं हवा ओढून घेणं. काही पेशंटच्या बाटलीच्या मोकळ्या तोंडाला भिंतीवरच्या सक्शनची नळी लावतात, ओढ साधारण उणे २० सेंटिमीटर पाण्याची. पेशंटला चालायला नेताना किंवा सक्शन बिघडल्यावर बटण बंद करतात, पण नळी तशीच राहते. बंद सक्शनला जोडलेली बाटली म्हणजे बूच मारलेली बाटली. हवा जायला वाटच नाही. सक्शन बंद केलं तर नळीही सोडवायची. मी प्रत्येक वॉर्डात सक्शनच्या बटणाशेजारी हे कागदावर लिहून चिकटवलंय.

दुसरी, बाटल्यांची खरेदी. यंत्रमागवालांच्या गोष्टीतला कळीचा मुद्दा माझ्या मते हाच आहे. एकाच वॉर्डात तीन कंपन्यांच्या बाटल्या असतात, कारण दर वेळी ज्याचा भाव कमी त्याची घेतली जाते. प्रत्येकीची तोंडं वेगळी, खुणा वेगळ्या. झाकणावर दोन तोंडं एकाच मापाची ठेवलीत म्हणजे कधीतरी, कुणीतरी, थकलेल्या अवस्थेत उलटं जोडणारच. ऑपरेशन थिएटरात ऑक्सिजनचा पाइप नायट्रसच्या, म्हणजे भुलीच्या वायूच्या, तोंडाला बसतच नाही, मापच वेगळं असतं. इथंही तसं करता येतं.

अशा उपकरणांच्या तक्रारीसाठी सरकारी व्यवस्था आहे. २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम चालू आहे, गाझियाबादचं इंडियन फार्माकोपिया कमिशन तो चालवतं. फॉर्म डॉक्टर, नर्स, इंजिनिअर भरू शकतात, पेशंटही भरू शकतो. त्यात माणसाला शिक्षा नसते, उपकरणाची नोंद होते. यंत्रमागवाला, बाटलीचा फोटो आणि वेष्टणावरचा बॅच नंबर आहे का तुमच्याकडं?

यंत्रमागवाला | बुधवार, दुपारी १.०५

वेष्टण नाही, फोटो आहे. व्हिडिओत झाकणही दिसतंय. फॉर्म भरतो. केस पेपरची नक्कल मागितलीय.

वॉर्ड_सिस्टर | बुधवार, दुपारी ३.४०

नक्कल मिळाली नाही तर लेखी अर्ज द्या. अर्ज दिल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे, हे मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहे. भांडायची गरज पडत नाही.

कालपासून मनात होतं ते लिहिते. आमच्या वॉर्डात मी आज लाल चिकटपट्टी आणली आणि शिल्लक सगळ्या बाटल्यांच्या कांडीच्या तोंडाभोवती गुंडाळली. लाल म्हणजे पेशंट. मामांना, मावशींना, नवीन मुलींना, सगळ्यांना दाखवलं. बाटलीवर मार्करनं पाण्याची पहिली पातळी, तारीख आणि वेळ. एवढ्याला दीड तास लागला.

जुळे_सोलापूर | बुधवार, रात्री ८.२५

माझ्या सासूबाईंना सध्या नळी आहे, पू झाला होता छातीत. मानेपर्यंत सूज आलीय आणि दाबलं की शेंगांच्या टरफलांवर हात ठेवल्यासारखं करकर वाजतं. हे नॉर्मल आहे का? सिस्टर म्हणतात ड्रेसिंगमुळं असेल.

छातीचा_डॉक्टर | बुधवार, रात्री ८.४०

ताई, आत्ता ड्यूटी डॉक्टरांना दाखवा, सकाळची वाट बघू नका. ती कातडीखाली शिरलेली हवा आहे. नळी थोडी बाहेर सरकली की तिच्या बाजूची भोकं छातीबाहेर, कातडीखाली येतात, मग हवा तिथं पसरते. नाहीतर नळी तुंबली असेल. नळीवर सेंटिमीटरच्या खुणा असतात, घातली तेव्हाचा आकडा केस पेपरवर असेल. आजचा ताडून बघायला सांगा. आवाज बदलला किंवा धाप वाढली तर लगेच ओरडून बोलवा.

जुळे_सोलापूर | गुरुवार, सकाळी ७.१०

नळी चार सेंटिमीटर बाहेर आली होती. टाका सुटला होता. रात्रीच नवीन नळी घातली. सूज उतरायला वेळ लागेल म्हणाले, पण श्वास बरा आहे. तुम्हा सगळ्यांची मी ऋणी आहे.

फिजिओ_विजापूर_रोड | गुरुवार, सकाळी १०.००

नातेवाइकांना एक विनंती. नळी आहे म्हणून पेशंटला आठ दिवस झोपवून ठेवू नका. डॉक्टरांनी परवानगी दिली की बाटली हातात, गुडघ्याच्या खाली धरून चालवा. श्वासाच्या व्यायामाला तीन चेंडूंचं खेळणं देतात, त्यातले चेंडू श्वास आत ओढून वर उचलायचे, फुंकून नाही. अर्धे लोक फुंकतात. खोकताना नळीच्या बाजूला उशी घट्ट धरली की दुखणं कमी होतं. दुखतं म्हणून खोकला दाबला की कफ साठतो आणि फुफ्फुस उघडत नाही.

कन्ना_चौक | गुरुवार, दुपारी १२.३०

आणि नळी निसटलीच तर? रात्री दोन वाजता, कुणी जवळ नसताना?

वॉर्ड_सिस्टर | गुरुवार, दुपारी ४.१५

दोन वेगळे प्रसंग आहेत, गल्लत करू नका.

बाटलीपासून नळी सुटली पण छातीत आहे: ओरडून बोलवा. नळी घट्ट चिमटून बसू नका. जवळ निर्जंतुक पाण्याची बाटली असेल तर टोक दोन-तीन सेंटिमीटर त्यात बुडवून धरा, तीही छातीच्या खाली. सिस्टर येईपर्यंत झडपेचं काम होतं.

छातीतून नळी पूर्ण निघाली: भोकावर स्वच्छ गॉज नाहीतर स्वच्छ कापड ठेवा आणि बोलवा. ते ठेवून पेशंटची धाप वाढत गेली तर कापडाची एक कड उचलून हवा बाहेर जाऊ द्या. निघालेली नळी परत आत घालायला जाऊ नका. मी एका मुलाला तसं करताना बघितलंय, बापावरच्या मायेनं करत होता बिचारा.

बाकी कशालाही हात लावू नका. बघा, आणि बोलवा. "सिस्टर, कॉलम हलत नाही" एवढं नातेवाईक म्हणाला तर मी हातातलं काम टाकून येईन. आमच्यातली कुणीही येईल.

यंत्रमागवाला | रविवार, रात्री ९.५०

सगळ्यांचे आभार. फॉर्म भरून पाठवला, व्हिडिओ जोडलाय. केस पेपरची नक्कल चौथ्या दिवशी मिळाली.

काल त्या दवाखान्यात टाका दाखवायला गेलो होतो. वहिनीही आल्या होत्या लातूरहून. त्या सिस्टर भेटल्या. काही बोलल्या नाहीत, बाबांना हात धरून खुर्चीपर्यंत नेलं. वॉर्ड_सिस्टरची लाल पट्टीची गोष्ट मी त्यांना मोबाईलवर वाचून दाखवली. त्यांनी परत एकदा वाचायला लावली. मग वहिनी आणि त्या दोघी स्टोअरमध्ये गेल्या आणि मी खाली जाऊन मेडिकलमधून लाल चिकटपट्टीची चार रिळं आणली.

एक्स-रेत फुफ्फुस पूर्ण उघडलंय. डॉक्टरांनी विमानानं इतक्यात जायचं नाही म्हणून बजावलं, जड उचलायचं नाही. बिडी बंद होऊन आज सव्वीस दिवस झाले. घागर आता मी भरतो.

छातीचा_डॉक्टर | रविवार, रात्री १०.२०

परत तशीच कळ आली किंवा एकदम धाप लागली तर ओवा देत बसू नका, थेट या. एकदा फुटलेलं फुफ्फुस परत फुटू शकतं. बिडी नसेल तर शक्यता बरीच कमी होते. आणि सहा आठवड्यांनी एक एक्स-रे नक्की.

यंत्रमागवाला | रविवार, रात्री १०.२६

आईला वाचून दाखवलं. कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवलीय तिनं.